तातडीच्या अर्जाला सात दिवस: क्लासमधल्या एका स्थिरांकाचे प्रकरण

हे प्रकरण ज्या प्रणालीत घडले ती ऑनलाइन अर्ज स्वीकारणारी एक साधी वेब प्रणाली होती. अर्जदार अर्ज भरतो, कागदपत्रे जोडतो आणि दाखल करतो; कर्मचारी तो तपासून मंजूर किंवा नामंजूर करतात. अर्ज दोन प्रकारचे होते. साध्या अर्जावर ७ दिवसांत आणि तातडीच्या अर्जावर २ दिवसांत निर्णय व्हावा असा नियम होता, आणि मुदत उलटलेला अर्ज वरिष्ठांच्या यादीत लाल रंगात दिसत असे. कोड पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ७.४ या आवृत्तीवर चालत होता. क्लास म्हणजे एका प्रकारच्या वस्तूचा कोडमधला साचा. पॅरेंट क्लास होता अर्ज, आणि त्याचा वारसा घेणारा चाइल्ड क्लास होता तातडीचा_अर्ज. (या लेखात क्लास, मेथड, म्हणजे क्लासमधला एखादे काम करणारा कोडचा तुकडा, आणि स्थिरांक, म्हणजे न बदलणाऱ्या मूल्याला दिलेले नाव, यांची नावे मराठीत दिली आहेत. पीएचपीला त्याचे वावडे नाही. नावात देवनागरी अक्षरे ही भाषा निमूट स्वीकारते.)

प्रणाली जुनी होती आणि तिच्यात आकडे उघडेवाघडे पडलेले होते. अर्जाच्या स्थितीसाठी मसुद्याला ०, दाखल झालेल्याला १, तपासणीत असलेल्याला २, मंजूर झालेल्याला ३ आणि नामंजूर झालेल्याला ४ असे संकेतांक डेटाबेसमध्ये साठवले जात, आणि तेच आकडे कोडमध्येही जागोजागी जसेच्या तसे लिहिलेले होते. एका फाइलमध्ये ३ म्हणजे मंजूर, आणि चौदा-पंधरा ओळी खाली तोच ३ म्हणजे जोडता येणाऱ्या कागदपत्रांची कमाल संख्या. ही कमाल ५ करायची मागणी आली तेव्हा ती कोणत्या ३ च्या जागी करायची हे ठरवायला प्रत्येक ओळ वाचावी लागली. त्या कंटाळवाण्या दुपारनंतर सर्व आकड्यांना नावे द्यायची आणि ती नावे क्लास कॉन्स्टंट म्हणून, म्हणजे क्लासचे स्थिरांक म्हणून, एका जागी आणायची असे आम्ही ठरवले. निर्णय योग्यच होता. दोष त्याच्या अंमलबजावणीत शिरला.

क्लासमध्ये स्थिरांक जाहीर करण्याची सोय पीएचपीत २००४ साली, म्हणजे ५.० या आवृत्तीपासून आहे. कॉन्स्ट हा शब्द, त्यापुढे नाव आणि बरोबरच्या चिन्हानंतर मूल्य, इतकेच लिहावे लागते. नावापुढे डॉलरचे चिन्ह येत नाही, आणि एकदा दिलेले मूल्य प्रोग्रॅम चालू असताना बदलता येत नाही. स्थिरांक वस्तूचा नसून क्लासचा असल्यामुळे तो वाचायला वस्तू तयार करावी लागत नाही. क्लासचे नाव, दोन जोडविसर्ग आणि स्थिरांकाचे नाव, जसे अर्ज::मंजूर, एवढे पुरते. क्लासच्या आतून हाच स्थिरांक सेल्फ::मंजूर असाही वाचता येतो. बहुतेकांचे शिक्षण इथेच थांबते, आमचेही इथेच थांबले होते.

आकड्यांना नावे देताना आमच्या लक्षात आले की मुदतीची तारीख काढणारी मेथड दोन्ही क्लासमध्ये जवळपास शब्दशः सारखी आहे. फरक फक्त ७ आणि २ या आकड्यांचा. तो फरक आता स्थिरांकात जाणार असल्याने चाइल्ड क्लासमधली मेथड काढून टाकली. मागे जे उरले त्याचा सांगाडा असा होता. कोडमधले इंग्रजी शब्द उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत:

क्लास अर्ज {
    कॉन्स्ट मुदत_दिवस = ७;

    फंक्शन मुदतीची_तारीख() {
        रिटर्न दिवस_मिळवा($धिस->दाखल_तारीख, सेल्फ::मुदत_दिवस);
    }
}

क्लास तातडीचा_अर्ज एक्स्टेंड्स अर्ज {
    कॉन्स्ट मुदत_दिवस = २;
}

हा कोड दोन जणांनी तपासला आणि दोघांनाही तो आवडला. वाचणाऱ्याला जे दिसते ते असे: पॅरेंट क्लासने ७ म्हटले, चाइल्ड क्लासने ते ओव्हरराइड करून, म्हणजे त्याच नावाखाली स्वतःचे मूल्य देऊन, २ केले, आणि मेथड स्थिरांकाचे नाव घेते आहे, तेव्हा तातडीच्या अर्जाला २ दिवस मिळणार. टेस्टही लिहिलेली होती. तातडीचा_अर्ज::मुदत_दिवस याचे मूल्य २ आहे ना, एवढेच ती विचारत होती, आणि त्याचे उत्तर होकारार्थीच येत होते. कोड सर्व्हरवर गेला.

बातमी चांगली म्हणून आली

दोष उघडकीला आला तो तक्रारीच्या नव्हे, तर कौतुकाच्या रूपात. नवी आवृत्ती गेल्यानंतरच्या आठवड्यात वरिष्ठांच्या पडद्यावर तातडीचा एकही अर्ज लाल दिसेना. तातडीचे काम वेळेत होऊ लागले आहे, असा त्याचा अर्थ घेतला गेला आणि बैठकीत तसा उल्लेखही झाला. आम्हीही तो ऐकून खूश झालो, हे इथे मान्य केले पाहिजे. पुढे एका अर्जदाराने फोन करून विचारले, की तातडीचा अर्ज करून पाच दिवस झाले तरी निर्णय का नाही. त्याचा अर्ज उघडून पाहिला, तर मुदतीच्या रकान्यात दाखल तारखेच्या पुढच्या सातव्या दिवसाची तारीख होती. पडद्याच्या दृष्टीने त्याला उशीर झालेलाच नव्हता.

पहिला संशय ओपीकॅशवर गेला. पीएचपीची फाइल एकदा कंपाइल झाली, म्हणजे चालवता येईल अशा रूपात आली, की तिचे तयार रूप ओपीकॅश स्मृतीत ठेवतो, आणि फाइल बदलली आहे का हे तपासण्याची सेटिंग बंद असेल तर कॅश रिकामी होईपर्यंत जुनेच रूप चालत राहते. आमच्या सर्व्हरवर ती सेटिंग बंद होती, म्हणून जुना कोड चालत असावा हा तर्क कागदावर बरोबर होता. कॅश साफ केली, सेवा पुन्हा सुरू केली, नवा तातडीचा अर्ज दाखल करून पाहिला. मुदत पुन्हा ७ दिवसांचीच. मग कुणीतरी थोडे थांबून विचारायला हवे होते, की जुन्या कोडमध्ये तर तातडीला २ दिवस मिळत होते, मग जुना कोड चालत असता तर ही अडचणच आली नसती. हा प्रश्न सुचायला अर्धा दिवस गेला.

त्यानंतर मेथडच्या आत एक ओळ टाकून सेल्फ::मुदत_दिवस आणि स्टॅटिक::मुदत_दिवस ही दोन्ही मूल्ये शेजारी शेजारी छापली. तातडीच्या अर्जासाठी पहिल्यापुढे ७ आले आणि दुसऱ्यापुढे २. प्रकरणाचे मूळ या एका ओळीत होते.

सेल्फ कुणाला म्हणायचे

सेल्फ हा शब्द ऐकताना वाटते, की तो त्या क्षणी काम करणाऱ्या वस्तूकडे बोट दाखवतो. प्रत्यक्षात तो मेथड ज्या क्लासमध्ये लिहिली आहे त्या क्लासकडे बोट दाखवतो. मुदतीची_तारीख ही मेथड अर्ज क्लासच्या कंसात लिहिलेली आहे. तिला हाक कुणीही मारो, तिच्या आतला सेल्फ म्हणजे अर्जच. चाइल्ड क्लासला ती मेथड वारशाने मिळते, पण मेथड मिळताना तिच्या आतल्या सेल्फचा अर्थ बदलत नाही. चाइल्डने स्वतःचा मुदत_दिवस जाहीर केला ही गोष्ट खरी आहे, तो क्लासबाहेरून वाचला तर २ मिळतात हेही खरे आहे, आणि तरीही पॅरेंटच्या मेथडला त्याच्याशी काहीही देणेघेणे नाही. आमची टेस्ट नेमके बाहेरून वाचत होती.

हाक कोणत्या क्लासच्या वस्तूवरून आली ते प्रत्यक्ष चालताना पाहून उत्तर देणारा शब्द आहे स्टॅटिक. ही सोय पीएचपी ५.३ मध्ये, म्हणजे २००९ साली आली. स्थिरांक आल्यानंतर पाच वर्षांनी. मधल्या काळात ज्यांना चाइल्ड क्लासचे मूल्य पॅरेंटच्या मेथडमध्ये हवे असे, ते एक छोटी मेथड लिहून तिच्यातून आकडा परत करत, कारण मेथड ओव्हरराइड होताना असा घोळ होत नाही. जुन्या कोडमध्ये एकाच आकड्यापायी लिहिलेल्या अशा मेथड आढळल्या तर त्यांना हसू नये. त्या लिहिणाऱ्यांकडे स्टॅटिकचा मार्ग नव्हता. दोन जोडविसर्गांच्या आधी धिस लिहूनही स्टॅटिकसारखेच उत्तर मिळते, पण त्यासाठी वस्तू हाताशी असावी लागते.

माझ्या मते इथे खरी चूक शब्दाच्या निवडीत नव्हती. स्थिरांक जाहीर करताना हा आकडा चाइल्ड क्लासने बदलावा यासाठी आहे की कुणीच बदलू नये यासाठी आहे, हा प्रश्न आम्ही एकाही आकड्याबाबत विचारला नव्हता. स्थिरांक म्हटला, की तो स्थिर, एवढ्यावर आम्ही समाधानी होतो. पीएचपी मात्र फक्त इतकेच वचन देते, की एका क्लासमधले मूल्य प्रोग्रॅम चालू असताना बदलणार नाही. त्याच नावाखाली चाइल्ड क्लासने दुसरे मूल्य सांगण्याला तिची हरकत नसते, आणि त्यातले कोणते घ्यायचे हे वाचणाऱ्या ओळीवर सोडलेले असते. सेल्फ आणि स्टॅटिक यांतला फरक म्हणजे याच प्रश्नाची दोन वेगवेगळी उत्तरे आहेत, आणि उत्तर न ठरवता आम्ही सवयीने सगळीकडे पहिले लिहीत गेलो होतो.

एका फटक्यात दुरुस्ती, आणि तिची किंमत

कारण कळल्यावर घाई झाली. एका सहकाऱ्याने शोधा-आणि-बदला वापरून अर्ज क्लासच्या फाइलमधला प्रत्येक सेल्फ स्टॅटिक करून टाकला. फाइल कंपाइलच होईना. कंपाइलच्या वेळी ठरणाऱ्या स्थिरांकात स्टॅटिक चालत नाही, असा संदेश देऊन पीएचपी थांबली. ज्या ओळीवर ती थांबली तिच्यात मुदतीचे तास काढलेले होते: मुदत_तास = सेल्फ::मुदत_दिवस * २४. स्थिरांकाचे मूल्य असे छोट्या हिशेबाने लिहिणे ५.६ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून चालते, पण त्या हिशेबात स्टॅटिकला मज्जाव आहे. सहकाऱ्याने ती एक ओळ पुन्हा सेल्फ केली, फाइल कंपाइल झाली, आणि तो पुढे गेला.

ती ओळ सांगून सवरून आमच्यासमोर आली होती आणि आम्ही तिला जाऊ दिले. मुदत_तास हा स्थिरांक अर्ज क्लासमध्ये लिहिलेला आहे, म्हणून त्याच्या हिशेबातला सेल्फही अर्जच. चाइल्ड क्लासने मुदत_दिवस २ केला तरी वारशाने मिळालेला मुदत_तास ४८ होत नाही. तातडीचा_अर्ज::मुदत_तास विचारला तर १६८ हेच उत्तर येते. कर्मचाऱ्याला स्मरणपत्र कधी पाठवायचे ते याच तासांवरून ठरत असल्याने, तारीख दुरुस्त झाल्यावरही तातडीच्या अर्जांची स्मरणपत्रे मुदत उलटून गेल्यावर निघाली असती. वारशाने मिळालेल्या स्थिरांकाच्या हिशेबात पॅरेंटचाच आकडा धरला जातो, हा बारकावा मी तोवर कधी तपासून पाहिलेला नव्हता.

सरसकट बदलाचा तिसरा परिणाम टेस्ट सर्व्हरवर दिसला. साधा अर्ज दाखल होत होता. तातडीचा दाखल करताच, तातडीचा_अर्ज::पावती_लांबी नावाचा स्थिरांकच अस्तित्वात नाही, अशी एरर येत होती. पावती_लांबी हा पावती क्रमांकात किती अंक असावेत ते सांगणारा स्थिरांक अर्ज क्लासमध्ये प्रायव्हेट, म्हणजे फक्त त्याच क्लासच्या आतून वाचता येणारा, म्हणून जाहीर केलेला होता. स्थिरांकांवर पब्लिक, प्रोटेक्टेड, प्रायव्हेट अशी बंधने घालणे ७.१ पासून, म्हणजे २०१६ पासून शक्य आहे, आणि प्रायव्हेट स्थिरांक चाइल्ड क्लासकडे वारशाने मुळी जातच नाही. मेथड पॅरेंटचीच, स्थिरांकही पॅरेंटचाच, पण स्टॅटिक लिहिल्यामुळे शोध चाइल्ड क्लासच्या घरी सुरू झाला आणि तिथे ती वस्तूच नव्हती. चाइल्डने त्याच नावाचा स्वतःचा प्रायव्हेट स्थिरांक ठेवला असता तर वेगळी एरर आली असती, की हा स्थिरांक प्रायव्हेट आहे, तुम्हाला तो पाहता येणार नाही. साध्या अर्जाला यातले काहीच जाणवले नाही, कारण त्याच्यापुरते स्टॅटिक आणि सेल्फ हे दोन्ही अर्जच.

म्हणजे सेल्फ सरसकट वापरल्याने एक दोष आला होता, आणि स्टॅटिक सरसकट वापरल्याने दुसरा आला. सगळा बदल मागे घेतला, आणि फाइलमधला प्रत्येक स्थिरांक एकेक करून टेबलावर मांडला.

आकड्यांची वाटणी

मुदत_दिवस चाइल्ड क्लासने बदलण्यासाठीच आहे, म्हणून तो पॅरेंटच्या मेथडमध्ये स्टॅटिकने वाचायचा असे ठरले. मुदत_तास हा स्थिरांक म्हणून ठेवण्यात अर्थ नव्हता. तो काढून त्या जागी स्टॅटिक::मुदत_दिवस ला २४ ने गुणून परत करणारी मेथड आली. दुसऱ्या स्थिरांकावरून निघणारे मूल्य, ज्याचा मूळ आकडा चाइल्ड क्लासमध्ये बदलू शकतो, ते स्थिरांकात साठवू नये असा नियम आम्ही तेव्हापासून पाळतो. पावती_लांबी प्रायव्हेट राहिला आणि सेल्फनेच वाचला जाऊ लागला. हा क्लासचा खासगी तपशील आहे आणि तो बदलायची मुभा कुणाला नको, हे प्रायव्हेट आणि सेल्फ या जोडीतून वाचणाऱ्याला आपोआप कळते.

स्थितीच्या संकेतांकांचा प्रश्न अवघड होता. मंजूर म्हणजे ३ हे नुसते कोडमधले नाते नव्हते. डेटाबेसच्या टेबलमध्ये हजारो ओळींवर तो ३ लिहिलेला होता. टेबलमध्ये नाव जात नाही, आकडा जातो. उद्या एखाद्या चाइल्ड क्लासने मंजूर हा स्थिरांक ३० असा ओव्हरराइड केला, किंवा कुणी नीटनेटकेपणाच्या हौसेने क्रम बदलून तपासणीला ३ आणि मंजूरला ४ दिला, तर कोड बिनबोभाट चालेल आणि काल मंजूर झालेले सगळे अर्ज आज तपासणीत दिसू लागतील. म्हणजे हे आकडे खऱ्या अर्थाने अचल हवेत. पण ७.४ मध्ये स्थिरांकाला फायनल, म्हणजे चाइल्ड क्लासला बदलता न येणारा, असे म्हणता येत नाही. तसे लिहिले तर फाइल कंपाइल होत नाही. त्या टप्प्यावर आम्ही एवढेच करू शकलो, की हे पाच संकेतांक एका वेगळ्या, फायनल क्लासमध्ये हलवले. ज्या क्लासला चाइल्डच असू शकत नाही त्याचे स्थिरांक कोण ओव्हरराइड करणार? हा मार्ग थोडा आडवळणाचा आहे, पण जुन्या आवृत्तीवर अडकलेल्या कोडसाठी मी तो आजही सुचवेन.

आकडे इंटरफेसमध्ये, म्हणजे क्लासने कोणत्या मेथड द्यायच्याच हे ठरवणाऱ्या करारात, ठेवावेत अशीही सूचना आली होती. इंटरफेसमधले स्थिरांक तो वापरणाऱ्या क्लासला बदलता येत नाहीत, ही त्यामागची समजूत ७.४ पुरती बरोबर होती. ८.१ मध्ये ते बंधन सैल झाले. आता इंटरफेसमधला स्थिरांकही फायनल नसेल तर बदलता येतो. ती सूचना मानली असती तर आवृत्ती बदलताना आमचे कुलूप कुणाच्याही नकळत निघाले असते.

कोड दुरुस्त झाला तरी डेटा दुरुस्त झालेला नव्हता. मुदतीची तारीख अर्ज दाखल होतानाच काढून टेबलमध्ये साठवली जात असल्याने, मधल्या दिवसांत आलेल्या तातडीच्या अर्जांवर चुकीची तारीख कायमची बसली होती. निर्णय न झालेल्या तातडीच्या अर्जांची तारीख नव्याने काढणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली, ती आधी प्रतीवर चालवून पाहिली, आणि कर्मचाऱ्यांना सांगूनच खऱ्या टेबलवर चालवली. सांगणे आवश्यक होते, कारण स्क्रिप्ट संपताच त्यांच्या पडद्यावरची रिकामी यादी एका क्षणात लाल ओळींनी भरली. ज्यांचा निर्णय होऊन गेला होता ते अर्ज आम्ही हेतुपुरस्सर तसेच ठेवले. झालेल्या गोष्टीवरची तारीख मागाहून बदलणे हे आमचे काम नव्हे, आणि तसे का ठेवले याची नोंद सोबत केली.

टेस्टही बदलली. स्थिरांकाचे मूल्य विचारणारी ओळ काढून टाकली, कारण स्थिरांक २ आहे हे सांगायला तो स्थिरांकच पुरेसा आहे. नवी टेस्ट सोमवारी दाखल झालेला तातडीचा अर्ज तयार करते आणि मुदतीची तारीख बुधवारची येते का ते पाहते. साध्या अर्जासाठी पुढचा सोमवार येतो का ते पाहते. आणि दोन्हींच्या स्मरणपत्राचे तास ४८ आणि १६८ आहेत का तेही पाहते. ही टेस्ट आधी असती तर मूळ दोष आमच्याच यंत्रावर, पहिल्या दिवशी पकडला गेला असता.

एक किरकोळ फजिती इथेच नोंदवून टाकतो. अर्जदाराला जाणाऱ्या ईमेलमध्ये मुदतीचा आकडा घालण्यासाठी एकाने दुहेरी अवतरणाच्या मजकुरात महिरपी कंसात सेल्फ::मुदत_दिवस असे लिहिले होते. मजकुराच्या मध्ये चल, म्हणजे व्हेरिएबल, घातला, की पीएचपी त्याचे मूल्य भरते, पण ती डॉलरचे चिन्ह पाहून. स्थिरांकाला डॉलर नसतो, त्यामुळे कंस आणि दोन जोडविसर्गांसह ते अक्षरशः तसेच ईमेलमध्ये छापले गेले. स्थिरांक मजकुराला बिंदूने जोडावा लागतो.

८.३ वर गेल्यानंतर

काही महिन्यांनी प्रणाली पीएचपी ८.३ वर नेली, तेव्हा हे प्रकरण पुन्हा उघडले, कारण जे आडवळणाने केले होते ते आता सरळ करता येत होते. ८.१ ने, म्हणजे २०२१ च्या अखेरीस, स्थिरांकांसाठी फायनल दिले होते आणि त्याच आवृत्तीत एनम, म्हणजे ठरावीक पर्यायांची यादी असलेला प्रकारही, दिला होता. स्थितीचे पाच संकेतांक स्थिरांकांतून काढून एनममध्ये नेले. स्थिरांक आकड्याला नाव देतो, पण प्रकार देत नाही. स्थिती बदलणाऱ्या मेथडला पूर्णांक हवा असे लिहिले, की तिला अर्ज::मंजूर जसा चालतो तसाच १७ ही चालतो, किंवा चुकून दिलेली कागदपत्रांची कमाल संख्याही. एनम वापरल्यावर मेथड स्थितीच मागते, आकडा दिला तर तिथेच थांबते. प्रत्येक केसला, म्हणजे एनममधल्या प्रत्येक पर्यायाला, डेटाबेसमधला जुनाच आकडा जोडलेला असल्याने टेबलला हात लावावा लागला नाही. टेबलमधून आलेल्या आकड्यावरून केस मिळवायला फ्रॉम आणि ट्रायफ्रॉम या दोन मेथड असतात. ओळखीचा नसलेला आकडा आला तर पहिली एरर देते आणि दुसरी नल, म्हणजे रिकामे मूल्य, परत करते. टेबलमधल्या ओळींसाठी आम्ही पहिली निवडली, कारण तिथे अनोळखी आकडा सापडणे हीच मुळात दडपू नये अशी बातमी आहे. फॉर्ममधून येणाऱ्या मूल्यांसाठी दुसरी. एनमला चाइल्ड नसतो, त्यामुळे फायनल क्लासची ती जुनी युक्तीही निघाली.

मुदत_दिवस मात्र एनममध्ये गेला नाही, आणि जायलाही नको होता. एनम ठरावीक पर्यायांची यादी सांगतो; मुदत हा पर्याय नाही, तो प्रत्येक क्लासचा स्वतःचा आकडा आहे. तो स्थिरांकच राहिला, फक्त ८.३ मध्ये मिळालेल्या सोयीने त्याला पूर्णांक हा प्रकार जोडला. या बदलाची दुसरी बाजू अशी, की पॅरेंटने प्रकार लिहिला म्हणजे ओव्हरराइड करणाऱ्या चाइल्डलाही जुळणारा प्रकार लिहावाच लागतो. नुसता आकडा लिहून भागत नाही. पहिल्यांदा हे जाचक वाटले. पण उद्या कुणी २ च्या जागी "दोन दिवस" असा मजकूर लिहिला तर ती चूक अर्ज दाखल होताना नव्हे, फाइल कंपाइल होतानाच कळेल. कागदपत्रांची कमाल संख्या पब्लिक होती, बाहेरून वाचली जात होती, पण कुठल्याच प्रकारच्या अर्जाने ती बदलायची नव्हती. तिला फायनल लावले. प्रायव्हेट स्थिरांकांना फायनल लावता येत नाही आणि लावायची गरजही नाही.

याच वेळी मुदत सेटिंगमध्ये न्यावी का, हाही प्रश्न निघाला. स्थिरांकाचे मूल्य सर्व्हरच्या एन्व्हायर्नमेंटमधून आणण्याचा एक प्रयत्न झाला, पण क्लासच्या स्थिरांकात फंक्शनची हाक चालत नाही, त्यामुळे तो तिथेच संपला. जो आकडा कार्यालयातला माणूस पडद्यावरून बदलू इच्छितो तो डेटाबेसमध्ये असावा, जो आकडा बदलताना कोडही तपासावा लागतो तो स्थिरांक असावा, असे मी मानतो. मुदत बदलली तर स्मरणपत्रांचे वेळापत्रक आणि ईमेलचा मजकूर दोन्ही पुन्हा पाहावे लागतात, म्हणून ती कोडमध्येच ठेवली.

त्यानंतर पुनर्तपासणीचे अर्ज हा तिसरा प्रकार आला, १५ दिवसांच्या मुदतीचा. नव्या सहकाऱ्याने चाइल्ड क्लास लिहून त्यात पूर्णांक प्रकाराचा मुदत_दिवस हा एक स्थिरांक घातला. कागदपत्रांची कमाल संख्याही त्याने स्वतःपुरती वाढवून पाहिली, तर फायनल स्थिरांक ओव्हरराइड करता येत नाही असे सांगून फाइल कंपाइल व्हायची थांबली. तो विचारायला आला, आणि ती वाढ खरोखरच हवी आहे का हे ठरवायला बैठक झाली. टेस्टमध्ये त्याने दोन ओळी वाढवल्या: सोमवारी दाखल झालेल्या अर्जाची मुदत पंधराव्या दिवशी, मंगळवारी, आणि स्मरणपत्राचे तास ३६०. दोन्ही पहिल्याच फेरीत बरोबर आल्या.